पाणलोटाचं काम नव्याने हाती घेताना: शिवारफेरीपासून विहिरीच्या वहीपर्यंत

महूच्या पुढे जानापावच्या डोंगरावर उभं राहिलं की माळव्याची कड दिसते. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस चंबळेतून यमुनेला आणि पुढे गंगेला मिळतो, दक्षिणेच्या कड्यावरून उतरलेला नर्मदेत जातो. इंदूर जिल्ह्यात पाणलोटाचं काम करू पाहणाऱ्याने आधी ही जागा पाहून यावी. पटवाऱ्याच्या नकाशात इथली दोन गावं एकमेकांना खेटून असतात, पण एकाचं पाणी बंगालच्या उपसागराकडे निघालेलं असतं आणि दुसऱ्याचं अरबी समुद्राकडे. या कामात नकाशा पाण्याचा लागतो, महसुलाचा नंतर.

हा लेख नव्याने या कामात पडणाऱ्यांसाठी आहे. इंदूरच्या मराठी घरांतून समाजकार्य, कृषी किंवा स्थापत्य शिकलेली मुलंमुली महू, देपालपूर, सांवेरकडच्या गावांत रुजू होतात, कुणी संस्थेकडून तर कुणी सरकारी प्रकल्पाच्या कंत्राटावर. घरात राळेगणसिद्धी, हिवरे बाजार ही नावं लहानपणापासून ऐकलेली असतात, त्यामुळे उत्साह दांडगा असतो. तो हवाच. फक्त नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हलक्या, मुरमाड जमिनीवर जे जमलं ते माळव्याच्या भारी काळ्या जमिनीवर जसंच्या तसं जमत नाही, आणि हे पहिल्या पावसाळ्याआधी कळलेलं बरं.

बाकी सगळं ज्या एका गोष्टीभोवती फिरतं ती आधी सांगतो. आराखडा एकाने करायचा, काम दुसऱ्याने उरकायचं आणि चार वर्षांनी मूल्यमापनाला तिसऱ्याने यायचं, ही वाटणी मनातून काढून टाका. आराखड्याची वही ज्या दिवशी उघडाल त्याच दिवशी मोजमापाची वही उघडा. काम सुरू होण्याआधी विहिरीत पाणी किती होतं हे कुणी लिहून ठेवलं नसेल, तर पुढे ते वाढलं की नाही हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. मग अहवालात चरांचे मीटर आणि बांधांची संख्या तेवढी उरते.

पहिली पायरी: पाण्याची हद्द

एका नाल्याच्या तोंडाशी ज्या ज्या जमिनीवरचं पाणी येऊन पोचतं ती सगळी जमीन म्हणजे त्या नाल्याचा पाणलोट. सरकारी कामात साधारण ५०० हेक्टरचा सूक्ष्म पाणलोट धरतात आणि असे काही जोडून प्रकल्प बनवतात. पाणलोट प्रकल्पांसाठी केंद्र सरकारने काढलेल्या २००८ च्या समान मार्गदर्शक सूचनांत प्रकल्पाचा आकार सरासरी १,००० ते ५,००० हेक्टर धरला होता. गावपातळीवर तुमचं काम सूक्ष्म पाणलोटातच चालणार.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. समपातळी रेषांवरून माथ्याची रेघ पेन्सिलीने ओढा. त्यावर पटवाऱ्याकडचा खसरा (शेतांच्या नंबरांचा) नकाशा बसवा, म्हणजे कोणत्या नंबरात काय येतं ते कळेल. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर किंवा गूगल अर्थवर हे झटकन होतं, पण एकदा हाताने करून पाहाच. नाले कुठून कुठे वळतात ते डोक्यात बसतं. या नकाशावरून चर किंवा बांध आखायला मात्र जाऊ नका. त्यातल्या दोन समपातळी रेषांमध्ये बहुधा २० मीटरचा फरक असतो आणि शेतातला सगळा खेळ हातभर उंचीचा असतो.

पाणलोटात दोन-तीन गावांचे तुकडे आले तर सगळ्या पंचायतींना सुरुवातीलाच एकत्र बसवा. माथा एका गावचा आणि पाझर दुसऱ्या गावच्या विहिरीला, असं इथे सर्रास असतं. वरच्या गावाने आपली चराई का बंद करावी, हा प्रश्न येणारच, तेव्हा त्याचं उत्तर तयार ठेवून जा.

दुसरी पायरी: शिवारफेरी

फेरी माथ्यावरून सुरू करा आणि नाल्याच्या तोंडाशी संपवा. शक्य असेल तर एक फेरी मे महिन्यात आणि एक भर पावसात करा. उन्हाळ्यात घळी आणि उघडी पडलेली माती दिसते. पाणी नेमकं कुठून धावतं आणि कुठे तुंबतं ते पावसातच कळतं.

सोबत कोण घ्यायचं हे महत्त्वाचं. सरपंच आणि सचिव येतीलच. त्यांच्याशिवाय गुरं-शेळ्या चारणारा एखादा दादा हवा, कारण माथ्यावरचा प्रत्येक खड्डा त्याच्या पायाखालचा असतो. जुनी विहीर खणताना प्रत्यक्ष उतरलेले काकाजी भेटले तर सोन्याहून पिवळं. आणि उन्हाळ्यात पाणी कुठून आणावं लागतं हे सांगायला दोन-तीन बायका हव्यातच. बैठकीत त्या फारशा बोलत नाहीत; पाण्याच्या वाटेवर चालताना सगळं सांगतात. बोलणं माळवीत चालेल. खाल (नाला), मेड (शेताचा बांध), चरनोई (गावाचं चराईचं रान), बोरी बंधान (पोत्यांचा बंधारा) हे शब्द पहिल्या आठवड्यातच तोंडात बसवा आणि नकाशावर नाल्यांना गावातलीच नावं लिहा. ‘नाला क्रमांक ३’ कुठला, हे गावात कुणाला ठाऊक नसतं.

फेरीत विहिरींत डोकावायला विसरू नका. माळव्याच्या पोटात दख्खनचा काळा खडक आहे, लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. न बांधलेल्या विहिरीच्या भिंतीवर ते सरळ वाचता येतात. वर हात-दोन हात किंवा त्याहून खोल काळी माती, तिच्याखाली पिवळट, चुनखडी मिसळलेला थर, मग कुजलेला मुरूम, मग भेगांचा खडक, आणि खाली घट्ट काळा पाषाण. कुठे मांजऱ्या (बुडबुड्यांच्या भोकांचा) खडक लागतो, कुठे दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीची पट्टी. झिरे बहुतेक मुरूम संपतो तिथे किंवा भेगांतून लागलेले असतात. ही जागा जमिनीपासून किती फूट खाली आहे ते विहिरी-विहिरीला विचारून लिहा. तोच थर वरच्या अंगाला जिथे उघडा पडतो तिथे पाणी अडवलं तर ते विहिरींना मिळतं. घट्ट पाषाणावर बांधलेला बंधारा पाणी साठवेल, पाझरवणार नाही. दोन्हींचा उपयोग आहे, पण कुठे काय हवंय ते ठरवून बांधायचं असतं.

तिसरी पायरी: खोदण्याआधीचं मोजमाप

आठ-दहा विहिरी निवडा. काही माथ्याजवळच्या, काही मधल्या, काही नाल्याच्या काठच्या. एखादी न वापरातली मिळाली तर फार चांगलं. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने बाण काढा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहा. पंप बंद होऊन विहिरीला उसंत मिळालेली असेल तेव्हाच मोजायचं. शेतीची वीज कधी येते त्यावर ही वेळ ठरते, तेव्हा ती गावात विचारूनच ठरवा. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा पातळी मोजतं. गावात दर महिन्याला एक नोंद झाली तर उत्तम, नाहीतर मे आणि नोव्हेंबर हे दोन महिने चुकवू नका.

दुसरी वस्तू पर्जन्यमापक. शाळेच्या किंवा पंचायतीच्या उघड्या अंगणात बसवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या, हवामान खात्याची वेळ हीच. इंदूर शहरात पडलेला पाऊस तुमच्या शिवारात पडलेला असतोच असं नाही.

तिसरी गोष्ट अनेकजण गाळतात. जवळच, तशाच मातीचं, तशाच पिकांचं, पण प्रकल्प नसलेलं एक गाव निवडा आणि तिथल्याही चार-पाच विहिरी मोजा. कशासाठी, ते देखरेखीच्या भागात सांगतो.

घरोघरचं सर्वेक्षण तुम्हाला छापील नमुन्यात मिळेल. त्यात भूमिहीन घरं, शेळ्या पाळणारी घरं आणि नाल्याच्या शेपटाकडची शेतं वेगळ्या खुणेने नोंदा. प्रकल्पाचा फायदा कुणाला आणि भार कुणावर, हे पुढे या खुणांवरूनच कळतं.

चौथी पायरी: पाण्याचा ताळेबंद

या पायरीवर थोडं थांबा, कारण गावाचं डोकं इथे खरं चालायला लागतं. आकडेमोड शाळेतल्या पोरालाही जमेल अशी आहे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजेच १०,००० लिटर पाणी.

समजा ५०० हेक्टरचं शिवार आहे आणि वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. एकूण पाणी झालं ४५ लाख घनमीटर. ऐकून गावाला वाटतं, मग टंचाई कसली? पण यातलं बरंचसं खरिपाच्या पिकांतून, गवतातून आणि उघड्या मातीतून हवेत जातं, बरंचसं वाहून जातं. जमिनीत मुरणारा हिस्सा हिशेबापुरता दहा टक्के धरू, म्हणजे साडेचार लाख घनमीटर. दीड हजार माणसांचं पिण्या-वापरायचं पाणी, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाला सुमारे ३० हजार घनमीटर होतं. गुरं धरून ५० हजार म्हणू. राहिलं चार लाख. आता गहू. एका हेक्टरला एक पाणी म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटर, ६०० घनमीटर. २०० हेक्टर गव्हाला पाच पाणी दिली तर सहा लाख घनमीटर लागले. ताळेबंद दोन लाखांनी तुटीत.

आता शेततळं धरा. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि बाजू उतरत्या, तर त्यात सुमारे २,००० घनमीटर पाणी मावतं. वीस शेततळी एकदा भरली की ४० हजार. आणि २०० हेक्टर गव्हाचं एकच पाणी कमी केलं तर वाचले १ लाख २० हजार, म्हणजे साठ शेततळ्यांइतके. हा हिशेब फळ्यावर मांडला की बैठकीत क्षणभर कुणी बोलत नाही, मग सगळे एकदम बोलायला लागतात. त्या गलक्यातूनच खरा आराखडा निघतो. तुमच्या गावाचे आकडे वेगळे येतील. पाऊस, क्षेत्र, पाण्याच्या पाळ्या सगळं गावकऱ्यांकडूनच भरून घ्या. आकडा त्यांच्या तोंडचा असेल तरच तो त्यांना बांधतो.

जुन्या माळव्यात खरिपात बरीच काळी जमीन पडीत ठेवत आणि ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घेत. १९७० नंतर सोयाबीन आलं, पडीक खरीप पिकाखाली आला, आणि रब्बीला ओल कमी पडू लागल्यावर ट्यूबवेल वाढल्या. हे गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून घ्या. तुटीची मुळं त्यात सापडतात.

पाचवी पायरी: माथा ते पायथा, माळव्याच्या मातीत

क्रम कुठेही तोच: आधी माथा, मग उतार, मग शेतं, शेवटी नाला. खालून सुरुवात केली तर वरची माती पहिल्या दोन पावसाळ्यांतच बंधारा भरून टाकते. राजकीय दबाव मात्र नेहमी खालच्या सिमेंट कामासाठी असतो, कारण ते रस्त्यावरून दिसतं. इथे नमतं घेऊ नका.

माथ्याच्या मुरमाड उतारावर समतल चर. एका मोठ्या पावसात ५० मिलिमीटर पडला आणि त्यातला ४० टक्के वाहिला, तर हेक्टरी २०० घनमीटर पाणी धावतं. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये ०.१८ घनमीटर मावतं. सगळं अडवायचं तर हेक्टरी ११०० मीटर चर लागतील. मी निम्मं अडवण्याचा हिशेब धरतो, ५५० मीटर, म्हणजे ओळींत साधारण १८ मीटर अंतर. उरलेल्याचा वेग खालचे दगडी बांध मोडतात.

चराची रेघ सपाट असली पाहिजे, नाहीतर चर म्हणजे नवी घळच. त्यासाठी ए-फ्रेम गावातच करा. दोन मीटरच्या दोन काठ्या वर बांधायच्या, खाली फाकवायच्या, मध्ये एक आडवी पट्टी, आणि वरच्या टोकावरून दगड बांधलेली दोरी सोडायची. आता दोन पाय दोन खुंट्यांवर ठेवा आणि दोरी आडव्या पट्टीला जिथे लागते तिथे खूण करा. पाय उलटे करून त्याच खुंट्यांवर ठेवा, दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे सपाटीची खूण. मग एक पाय स्थिर ठेवून दुसरा पुढे फिरवायचा, दोरी मध्यावर येईल अशी जागा शोधायची, तिथे चुन्याची चिमूट टाकायची आणि पुढे सरकायचं. वाऱ्यात दोरी हलते, म्हणून सकाळी लवकर. बचत गटातल्या बायका हे काम फार नेटकं करतात. एकीने फ्रेम धरावी, एकीने चुना टाकावा, आणि दुपारपर्यंत सगळा उतार आखून होतो.

ओघळींत अनगड दगडी बांध. वरच्या बांधाचा पाया आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत आणायचा. १ मीटर उंचीचा बांध आणि ५ टक्के ढाळ असेल तर २० मीटरवर पुढचा. मधोमध बांध खोलगट ठेवायचा, नाहीतर पाणी कडेने वाट काढून काठच कापतं. दोन्ही टोकं काठात घुसवायची, मोठे दगड बाहेर, लहान आत, आणि खालच्या अंगाचा उतार वरच्यापेक्षा सैल. दगड ओघळीच्या आसपासचेच वापरा, पण उतारावर मातीत रुतलेला दगड उपटू नका; तो आधीच माती धरून बसलेला असतो.

शेतात आल्यावर माळव्याचा फरक सुरू होतो. भारी काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, ओली झाली की ती फुगते, वाळली की भेगाळते. इथे पाणी पूर्ण अडवणारे समपातळी बांध घातले तर वरच्या अंगाला सोयाबीन पिवळं पडतं, आणि उन्हाळ्यात बांधाला पडलेल्या भेगांतून पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटतो. म्हणून भारी जमिनीत ढाळीचे बांध: पाण्याला अगदी मंद उतार द्यायचा आणि जादा पाणी गवताच्या नाळीतून सुरक्षित खाली न्यायचं. शेताच्या आत रुंद सरी-वरंब्यावर सोयाबीन पेरलं की पाऊस जास्त झाला तर सरीतून निचरा होतो, ओढ दिली तर ओल टिकते. शेतकऱ्याला हे एका शेतात करून दाखवा. पटायला एक हंगाम पुरतो.

शेततळ्यासाठी काळी माती चांगली, पाणी धरते. मात्र खोदता खोदता मुरूम लागला तर ते तळं पाझरणार. मग त्याला पाझराचं तळं म्हणूनच नोंदा आणि खालच्या विहिरींचा फायदा मोजा. शेजारच्या देवास जिल्ह्यात २००६ पासून भगीरथ कृषक अभियानात शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा तुकडा तळ्याला देऊन ‘रेवासागर’ खोदले, आणि बऱ्याच ठिकाणी ट्यूबवेलवरची भिस्त कमी झाली. १९९० च्या सुमारास याच देवासला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. एक दिवस काढून तिथली तळी आणि बागलीकडची जुनी पाणलोट कामं पाहून या. गावातल्या चार जणांना बरोबर न्या.

बंधाऱ्यांबद्दल इतकंच, की सांडव्यावर पैसा वाचवू नका.

मातीला कस देण्याचं कामही आराखड्यात लिहा. आल्बर्ट हॉवर्डने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरलाच कंपोस्टची पद्धत बसवली आणि ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. सेंद्रिय खत पडलेली जमीन पाणी जास्त पिते. गावाला हे सांगताना इंदूरचं नाव कामी येतं.

सहावी पायरी: गावसभा, समिती, पैसा

मध्य प्रदेशात राजीव गांधी पाणलोट मिशन १९९४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे जुन्या समित्यांच्या आठवणी गावोगाव असतात, काही गोड, काही कडू. आधी त्या ऐका. समितीत कोण, हे गावसभेत उघड ठरलं पाहिजे, आणि भूमिहीन, महिला, शेपटाकडचे शेतकरी यांच्या जागा नावापुरत्या नसाव्यात. चराईबंदीची झळ सगळ्यात आधी शेळीवाल्यांना लागते. बंदी तुकड्या-तुकड्याने करा, चरनोईतलं कापीव गवत त्यांना आधी द्या, तळ्यातल्या मासेमारीचा हक्क भूमिहीनांच्या गटाला द्या. महाराष्ट्रात पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत पाणी जमिनीवर नव्हे तर माणसांवर वाटलं. तसंच्या तसं जमलं नाही तरी चर्चा तिथून सुरू करण्यासारखी आहे.

पैशाचं साधं गणित ठाऊक असू द्या. २०२१ पासूनच्या पंतप्रधान कृषी सिंचाई योजनेच्या पाणलोट घटकात सपाट भागाला हेक्टरी २२,००० आणि डोंगराळ, अवघड भागाला २८,००० रुपये असा दर ठरवला होता. ५०० हेक्टरला सपाट दराने १ कोटी १० लाख. २००८ च्या सूचनांत आराखड्याला १ टक्का, देखरेखीला १ टक्का आणि मूल्यमापनाला १ टक्का ठेवला होता. रुपयातला एक पैसा. एवढ्यात बाहेरचा माणूस येऊन वर्षभर मोजत बसणार नाही, म्हणून मोजणं गावाच्या हाती असलं पाहिजे. त्याच सूचनांत खाजगी जमिनीवरच्या कामाला शेतकऱ्याने किमान १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमाती, लहान व सीमांत शेतकऱ्यांनी किमान ५ टक्के वर्गणी द्यायची आणि ती पाणलोट विकास निधीत जमा करायची असं होतं. वर्गणी मजुरीतून परस्पर कापू नका. ती मजुराची होते, शेतमालकाची नाही.

मजुरी आठवड्याला, हजेरीपट सगळ्यांसमोर वाचून, माप घेताना मजुरांपैकी दोघे हजर. रोजगार हमीचं काम जोडणार असाल तर कोणती जागा कोणत्या योजनेत, हे नकाशावर रंगाने दाखवा. एकच बांध दोन वह्यांत आला की गावाचा विश्वास जातो.

सातवी पायरी: देखरेख

देखरेख तीन गोष्टींची असते: काम मापात झालं का, ते पावसात चाललं का, आणि त्यातून गावाला काय मिळालं.

पहिली सोपी. मापपुस्तिका, टेप आणि ठरलेल्या जागेवरून आधी, मधे, नंतर असे तीन फोटो. फोटोच्या जागेवर दगडाला रंग लावून ठेवा, म्हणजे दर वर्षी तीच चौकट मिळेल. सरकारी प्रकल्पांत दृष्टी ॲपवरून जागेच्या खुणेसह फोटो चढवतात आणि ते सृष्टी पोर्टलवर दिसतात. ते कराच, पण त्याने फक्त बांध तिथे आहे हे सिद्ध होतं.

दुसरी पावसात भिजल्याशिवाय होत नाही. पहिला मोठा पाऊस पडला की त्याच दिवशी, पाणी वाहत असताना, शिवारात जा. किती चर भरले? पाणी सांडव्यावरून जातंय की भरावावरून? बांधाच्या कडेला माती ओली होऊन सुटतेय का? चर भरल्यावर किती वेळात रिकामा झाला? मूठभर माती पडलेली जागा त्याच दिवशी फावड्याने बुजते. आठवडा गेला तर तिथे ट्रॅक्टर लागतो. पावसाळा सरल्यावर दगडी बांधामागे गाळ किती साचला ते काठीने मोजून लिहा.

स्टॉप डॅम म्हणजे नाल्यावरचा फळ्या लावून पाणी अडवायचा बंधारा; त्याच्या फळ्यांकडे खास लक्ष द्या. पावसाळा सरताना नाल्याला धार असतानाच त्या बसवाव्या लागतात. उशीर झाला की डॅम कोरडा उभा राहतो. पुढच्या पावसाआधी काढल्या नाहीत तर गाळ भरतो आणि काठ फुटतो. म्हणून फळ्या कुणाच्या घरी ठेवायच्या, बसवायचं कुणी, रबर पट्टी कुठून आणायची, हे नावानिशी पंचायतीच्या भिंतीवर लिहा. माळव्यात कोरडे उभे असलेले कितीतरी स्टॉप डॅम फक्त फळ्यांअभावी कोरडे आहेत.

तिसरी खरी कसोटी. इथे तुलनेचं गाव कामी येतं. समजा नोव्हेंबरात तुमच्या विहिरींतलं पाणी आधी ४ मीटरवर होतं आणि काम झाल्यावर २.८ मीटरवर आलं. १.२ मीटरची वाढ. पण प्रकल्प नसलेल्या गावातही पाणी ४.५ वरून ३.६ वर आलं असेल, तर त्यातले ०.९ मीटर चांगल्या पावसाचे आहेत. तुमच्या कामाचे फक्त ०.३. हे कमी वाटलं तरी तसंच लिहा. दुष्काळी वर्षात हाच हिशेब तुमच्या बाजूने बोलतो: तिथलं पाणी दोन मीटर खाली गेलं आणि तुमचं एकच मीटर, तर काम झालंय, जरी आकडा घटलेला दिसला तरी.

आणखी चार गोष्टी वहीत असू द्या. विहीर कोणत्या महिन्यात आटली. रब्बीखाली किती क्षेत्र आलं आणि त्यातलं शेपटाकडचं किती. उन्हाळ्यात बायकांना पाण्यासाठी किती लांब जावं लागलं. नव्या ट्यूबवेल किती पडल्या. शेवटचा आकडा अप्रिय असतो, म्हणूनच तो लिहायचा.

हे आकडे कार्यालयात पाठवण्याआधी गावसभेत मांडा. विहिरींचा तक्ता पंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या, मे आणि नोव्हेंबरचे रकाने रिकामे ठेवून. ज्या मुलामुलीने मोजलं असेल त्यानेच ते भरावेत. आठवी-दहावीची मुलं हे काम मनापासून करतात आणि त्यांच्या आकड्यांवर गाव विश्वास ठेवतं.

उपशाचे नियम

पाणी वाढलं की उपसा वाढतो. पहिल्या दोन चांगल्या वर्षांत कुणीतरी आणखी खोल बोअर घेतं, गव्हाला एक पाणी जास्त जातं, आणि वाढलेलं सगळं चार-पाच घरांत जिरतं. म्हणून नियम पाणी वाढायच्या आधीच, प्रकल्प सुरू होतानाच ठरवावे लागतात. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल बंद ठेवल्या, ऊस-केळीसारखी पिकं टाळली आणि दर वर्षी पावसाच्या हिशेबाने गावसभेत पिकं ठरवली. माळव्यात याचं रूप म्हणजे दर ऑक्टोबरात ताळेबंद मांडून गव्हाचं क्षेत्र आणि पाण्याच्या पाळ्या ठरवणं, पाऊस कमी असेल त्या वर्षी हरभरा वाढवणं. इंदूरच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या केंद्राने कमी पाण्यात येणाऱ्या गव्हाच्या जाती दिल्या आहेत, कठिया (ड्युरम) गव्हाच्याही. एकदा शेतकऱ्यांना तिथल्या शेतावर घेऊन जा. तुमच्या भाषणापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. तुषार संच आणाल तेव्हा क्षेत्र वाढवायचं नाही हे आधी कबूल करून घ्या. नाहीतर वाचलेलं पाणी नव्या एकरांत जातं आणि विहीर तिथेच राहते.

प्रकल्पातून बाहेर पडताना

शेवटच्या वर्षाची तयारी पहिल्यापासून करा. कोणता बांध कोणत्या वापरकर्ता गटाचा, हे काम सुरू होतानाच लिहून ठेवलेलं असावं. पाणलोट निधीच्या खात्यावर कुणाच्या सह्या, दुरुस्तीला किती रुपयांपर्यंत समितीने परस्पर खर्च करायचा आणि त्यापुढे गावसभेला विचारायचं, हे ठरावात हवं. निधी पडून राहू देऊ नका. प्रकल्प चालू असतानाच त्यातून एक-दोन दुरुस्त्या करवून घ्या, म्हणजे पैसे काढायची वाट समितीला माहीत होते. जाताना समितीकडे नकाशाची एक प्रत, मापपुस्तिकांच्या छायाप्रती, ए-फ्रेम, विहिरीचा टेप आणि पर्जन्यमापकाची जादाची बाटली द्या. विहिरींची मूळ वही मात्र शाळेत ठेवा: सरपंच पाच वर्षांनी बदलतो, शाळा जागेवर असते. आणि पुढच्या मे महिन्यात कोण मोजणार त्याचं नाव, मोजायच्या वेळेसकट, तिच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.